बॅचचा वाटा

मुंबईची आयआयटी पहिल्यांदा भरली ती पवईत नव्हे, वरळीत. जुलै १९५८ मध्ये पहिल्या तुकडीचे १०० विद्यार्थी ज्या इमारतीत वर्गाला बसले, ती होती ‘ससमिरा’ची, म्हणजे रेशीम आणि कृत्रिम रेशमाच्या गिरण्यांनी एकत्र येऊन काढलेल्या संशोधन संस्थेची. भिवंडीतल्या नारपोलीच्या वाचकाला हा तपशील मुद्दाम सांगायला हवा. ज्या कृत्रिम धाग्याच्या अभ्यासासाठी ती संस्था उभी राहिली, त्याच जातीच्या धाग्याचे ग्रे कापड भिवंडीच्या मागांवर रात्रंदिवस निघते. देशातल्या एका अव्वल शिक्षणसंस्थेला पहिला आसरा कापडधंद्याने दिला, आणि संस्थेच्या इतिहासात ही गोष्ट बहुधा एका ओळीत उरकली जाते.

त्या १०० जागांसाठी ३,४०० हून अधिक अर्ज आले होते. स्थापत्य, यंत्र, विद्युत, रसायन आणि धातुशास्त्र अशा शाखा होत्या. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नलिनीरंजन सरकार यांच्या समितीने देशाच्या चार दिशांना चार मोठ्या तंत्रशिक्षण संस्था काढाव्यात, अशी शिफारस केली होती. पूर्वेची खरगपूरला १९५१ मध्ये सुरू झाली, पश्चिमेची मुंबईच्या वाट्याला आली. तिची आखणी करणाऱ्यांत पुरुषोत्तम काशिनाथ केळकर हे नाव ठळक आहे. व्हीजेटीआयमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकवणाऱ्या केळकरांनी मुंबईच्या संस्थेचे नियोजन अधिकारी म्हणून पायाभरणीचे काम केले, मग कानपूरच्या आयआयटीचे पहिले संचालक म्हणून १० वर्षे काढली आणि १९७० मध्ये संचालक होऊन ते पवईला परतले. दोन आयआयटींच्या जडणघडणीत हात असलेला हा माणूस मराठी घरांत आजही पुरेसा माहीत नाही.

पंडित नेहरूंनी १० मार्च १९५९ रोजी पवईला कोनशिला बसवली. तलावाकाठची सुमारे ५५० एकर जमीन तेव्हाच्या मुंबई राज्य सरकारने दिली. इमारतींचा आणि रोजचा खर्च केंद्र सरकारने उचलला. यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ युनेस्कोमार्फत आले, मुख्यतः सोव्हिएत संघातून. १९५६ ते १९७३ या काळात ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ पवईला येऊन गेले, आणि इथल्या २७ अध्यापकांना तिकडे प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या. १९६१ च्या कायद्याने संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. पहिली तुकडी १९६२ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडली.

हा सगळा हिशेब नीट पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. जमीन राज्याची, पगार केंद्राचे, यंत्रे रशियाची. विद्यार्थ्याची फी नाममात्र. ज्याला प्रवेश मिळाला, त्याच्या शिक्षणाचा जवळजवळ सगळा भार अशा लोकांनी उचलला होता, ज्यांची स्वतःची मुले त्या फाटकातून आत जाण्याची शक्यता फार कमी होती. त्यांत शेतकरी होते, गिरणी कामगार होते, मागवाले होते.

आणि मग ती मुले परदेशी गेली. १९६५ मध्ये अमेरिकेने स्थलांतराचे नियम सैल केले, आणि पवईतून पदवी घेऊन निघालेल्यांपैकी पुष्कळांनी पुढच्या शिक्षणासाठी तिकडचे विमान धरले. त्यातले बरेच जण तिकडेच स्थायिक झाले. गरीब देशाने पदरमोड करून श्रीमंत देशासाठी इंजिनिअर घडवले, हा आरोप १९७० आणि १९८० च्या दशकांत वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात, परिसंवादांत आणि घरोघरच्या जेवणाच्या ताटावर सतत होत राहिला. तो आरोप खोटा नव्हता. पवईच्या माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांचा इतिहास समजून घ्यायचा तर तो या आरोपापासूनच सुरू करावा लागतो, कारण देणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात तो घर करून होता.

मुंबईला शिक्षणासाठी दान नवे नव्हते. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये देणारे प्रेमचंद रायचंद हे कापसाच्या व्यापारातले बडे नाव. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे, नाव मिळाले आणि तो १८७८ मध्ये पुरा झाला. पदवीदान सभागृहासाठी सर कावसजी जहांगीर पुढे आले. मात्र हे दाते त्या विद्यापीठाचे विद्यार्थी नव्हते. शहराच्या श्रीमंतांनी शहरासाठी केलेले ते दान होते. शिकून गेलेल्याने आपल्याच संस्थेला ठरवून, हिशेबाने, वर्षानुवर्षे काही देत राहावे ही रीत आपल्याकडे फार उशिरा रुजली. सरकारी संस्थेला कशाला द्यायचे, सरकार बघून घेईल, हा विचार तर आजही पुष्कळांच्या मनात आहे.

पवईत हा विचार बदलायला सुरुवात झाली ती १९९० च्या दशकात. एव्हाना पहिल्या काही तुकड्यांतली मुले पन्नाशीकडे झुकली होती, अमेरिकेत त्यांनी कंपन्या उभारल्या होत्या, आणि इकडे भारताची अर्थव्यवस्था खुली झाली होती. अमेरिकेतल्या माजी विद्यार्थ्यांनी ‘आयआयटी बॉम्बे हेरिटेज फाउंडेशन’ ही संस्था काढली. देणगी गोळा करायला, तिचा हिशेब ठेवायला आणि ती पवईला पोचवायला एक कायदेशीर वाट तयार झाली. वरवर ही कारकुनी बाब वाटते. पण द्यायची इच्छा असलेला माणूस आणि घ्यायला तयार असलेली संस्था यांच्यामध्ये विश्वासाचे खाते नसेल, तर इच्छा तशीच विरून जाते.

याच काळातला सर्वांत बोलका प्रसंग कंवल रेखी यांचा. रावळपिंडीत जन्मलेले, फाळणीनंतर कानपूरला वाढलेले रेखी १९६७ मध्ये पवईतून विद्युत अभियंता होऊन अमेरिकेला गेले. त्यांची एक्सेलान ही कंपनी १९८७ मध्ये तिथल्या शेअर बाजारात नोंदली गेली. त्यांच्या देणगीतून पवईत माहिती तंत्रज्ञानाचे स्वतंत्र विद्यालय उभे राहिले आणि त्याला त्यांचे नाव मिळाले. ते विद्यालय घडवण्याचे काम केले प्रा. दीपक फाटक यांनी, आणि फाटक स्वतःही इथूनच एम.टेक. आणि पीएच.डी. झालेले. एका माजी विद्यार्थ्याचा पैसा आणि दुसऱ्या माजी विद्यार्थ्याची मेहनत यांचा असा मेळ पुढे अनेकदा बसला. या विद्यालयाच्या आवारात नव्या उद्योगांना हात देणारे एक छोटे केंद्र सुरू झाले. त्यातूनच २००४ मध्ये ‘साइन’ ही संस्था जन्माला आली. आज विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी काढलेल्या कंपन्यांना पहिली जागा आणि पहिला सल्ला देण्याचे काम ती करते. रेखींच्या नावाचे विद्यालय काही वर्षांनी संगणकशास्त्र विभागात विलीन झाले, पण त्याने सुरू केलेले काम थांबले नाही.

त्यानंतर नावे वाढत गेली. व्यवस्थापनाच्या विद्यालयाला शैलेश मेहता यांचे, परिषद केंद्राला व्हिक्टर मेनेझिस यांचे, उद्योजकता शिकवणाऱ्या विद्यालयाला भरत देसाई आणि नीरजा सेठी यांचे नाव लागले. रोमेश वाधवानी यांच्या देणगीतून जैवविज्ञान आणि जैवअभियांत्रिकीचे संशोधन केंद्र आले, रिझवान कोइता यांच्या देणगीतून डिजिटल आरोग्याचे. पवईच्या रस्त्यांवरून चालताना इमारतींवरच्या पाट्या वाचत गेले, तर संस्थेच्या तुकड्यांची हजेरीच वाचल्यासारखे होते.

यात नंदन नीलेकणी यांचा उल्लेख वेगळा करावा लागतो. १९७३ मध्ये ते विद्युत अभियांत्रिकीला दाखल झाले, वसतिगृह क्रमांक ८ मध्ये राहिले आणि १९७८ मध्ये पदवी घेऊन निघाले. तेव्हा बी.टेक. पाच वर्षांचे होते. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसच्या संस्थापकांत ते होते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी पवईला आधी ८५ कोटी रुपये दिले होते. त्यातून वसतिगृहे झाली, माहिती तंत्रज्ञानाच्या विद्यालयाला हातभार लागला, नवउद्योगांचे केंद्र उभे राहिले. पुढे जून २०२३ मध्ये, संस्थेशी नाते जुळून ५० वर्षे झाली म्हणून, त्यांनी आणखी ३१५ कोटी रुपये देण्याचे जाहीर केले. एकूण रक्कम ४०० कोटींवर गेली. भारतातल्या एखाद्या शिक्षणसंस्थेला तिच्याच विद्यार्थ्याने दिलेल्या सर्वांत मोठ्या देणग्यांमध्ये ही गणली जाते.

१९७८ च्याच वर्षी म्हापशाचा एक मुलगा धातुशास्त्राची पदवी घेऊन पवईतून गोव्याला परतला. मनोहर पर्रीकर. वसतिगृह क्रमांक ४ मध्ये राहिलेले पर्रीकर २००० मध्ये गोव्याचे मुख्यमंत्री झाले आणि आयआयटीत शिकलेले देशातले पहिले मुख्यमंत्री ठरले. त्यांनी पवईला कोट्यवधी रुपये दिले नाहीत. देण्याचा तो त्यांचा मार्ग नव्हता. लोकांच्या पैशाने शिकलेला माणूस लोकांच्या कामाला लागला. ‘परत देणे’ हा शब्द फक्त धनादेशापुरता ठेवायचा नसेल, तर एकाच वर्षी बाहेर पडलेल्या या दोघांना शेजारी शेजारी ठेवून पाहावे.

तरीही पवईच्या इतिहासातली सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट एकट्या दात्याची नाही. ती आहे बॅचची.

दर डिसेंबरमध्ये पवईत जुन्या विद्यार्थ्यांचे मेळावे भरतात. पदवीला २५ वर्षे झालेल्यांचा रौप्यमहोत्सव, ५० वर्षे झालेल्यांचा सुवर्णमहोत्सव. नाताळच्या सुट्ट्या असल्याने परदेशातले लोक सहकुटुंब येऊ शकतात. या मेळाव्याच्या निमित्ताने संबंध वर्गाने मिळून संस्थेला काही द्यायचे, ही प्रथा हळूहळू पक्की झाली आहे. त्याला तिथे ‘लेगसी प्रोजेक्ट’ म्हणतात.

१९७१ च्या वर्गाने सुवर्णमहोत्सवाला ४१ कोटी रुपये देण्याचा संकल्प केला. १९६६ मध्ये ही मुले पवईत आली तेव्हा सोव्हिएत तज्ज्ञ अजून येत-जात होते, प्रयोगशाळांत त्यांची यंत्रे होती. जग दोन तटांत विभागलेले होते आणि डॉलरची चणचण असलेल्या देशातून ती परदेशी गेली होती. ४१ कोटींचा हा आकडा बराच चर्चेत राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये १९९८ च्या वर्गाने रौप्यमहोत्सवाला तो मागे टाकला आणि ५७ कोटी रुपयांचे वचन दिले. जगभरातल्या २०० हून अधिक जणांनी त्यात भाग घेतला होता. हा वर्ग १९९४ मध्ये आत आला आणि उदारीकरणानंतरच्या भारतात बाहेर पडला. पवईचा ‘टेकफेस्ट’ही १९९८ मध्येच सुरू झाला. त्यांच्यातले काही जण आज गुंतवणूक कंपन्यांच्या शिखरावर आहेत, काही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनात.

५७ कोटींना २०० ने भागले तर माणशी साडेअठ्ठावीस लाख येतात. अशी सरासरी मात्र फसवी असते. कोणत्याही बॅचच्या वर्गणीत वरचे थोडे लोक फार मोठा भार उचलतात आणि बाकीचे आपापल्या ऐपतीप्रमाणे देतात. म्हणून आकड्याइतकेच लक्ष द्यायला हवे ते ‘२०० हून अधिक’ या शब्दांकडे. कुणी मोठ्या कंपनीचा भागीदार असेल, कुणी एखाद्या महाविद्यालयात शिकवणारा. २५ वर्षांनी भेटताना हुद्द्यांचे, घरांचे, पगारांचे अंतर दोघांमध्ये उभे असते. एका यादीत दोघांची नावे लागतात तेव्हा ते अंतर काही काळापुरते तरी मिटते. वर्गाची देणगी एकट्याच्या देणगीपेक्षा वेगळी ठरते ती यामुळे.

अशी देणगी जमते कशी, हे पाहिले तर त्यामागची मेहनत कळते. मेळाव्याच्या वर्ष-दीड वर्ष आधी चार-पाच जणांची समिती बसते. पहिले काम हरवलेली माणसे शोधण्याचे. कुणाचा पत्ता बदललेला, कुणी आडनाव बदललेले, कुणाचा कुणाशीच संपर्क नाही. मग शाखा, वसतिगृह आणि ‘विंग’ यांप्रमाणे नावे वाटून घेतली जातात. विंग म्हणजे वसतिगृहाच्या एका मजल्याची एक बाजू, आठ-दहा खोल्यांची. संस्थेने पाठवलेल्या छापील पत्राला उत्तर येईलच असे नाही. शेजारच्या खोलीत चार वर्षे काढलेल्या, परीक्षेच्या आदल्या रात्री ज्याच्या वह्या वाचल्या त्या मित्राचा फोन मात्र टाळता येत नाही. ही ओढ निखळ संस्थेची नसते, ती माणसांची असते. संस्थेला तिचा फायदा होतो, आणि त्यात गैर काही नाही.

वचन आणि प्रत्यक्ष जमा यांत फरक असतो, हेही सांगायला हवे. मेळाव्यात जाहीर होणारा आकडा संकल्पाचा असतो. रक्कम पुढच्या काही वर्षांत हप्त्याहप्त्याने येते. त्यामुळे मेळावा संपल्यावर समितीचे खरे काम सुरू होते. संस्थेने याकामी माजी विद्यार्थ्यांशी संबंध पाहणारे अधिष्ठातापद निर्माण केले आहे, स्वतंत्र कार्यालय आहे. विद्यार्थ्यांचाही एक कक्ष आहे. तो माजी विद्यार्थ्यांना फोन करतो आणि आजच्या मुलांना जुन्यांपैकी एकेक मार्गदर्शक जोडून देतो. वीस वर्षांचा मुलगा पन्नाशीच्या माणसाला फोन करून वसतिगृहाची खुशाली सांगतो, तेव्हा देणगीची मागणी न करताही अर्धे काम झालेले असते.

एका वर्गाने मिळून देण्याची ही कल्पना मूळची अमेरिकेतली. येल विद्यापीठाने १८९० मध्ये माजी विद्यार्थ्यांचा वार्षिक निधी सुरू केला. हार्वर्डमध्ये २५ वर्षे पूर्ण करणाऱ्या वर्गाने एकत्र देणगी देण्याची चाल विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. पवईच्या मुलांनी ती तिकडे शिकताना, तिकडच्या विद्यापीठांची पत्रे वर्षानुवर्षे येताना पाहिली आणि इकडे आणली. पण हार्वर्ड आणि पवई यांत एक मोठा फरक आहे. हार्वर्ड खासगी आहे. पवई सार्वजनिक आहे, आणि तिने सार्वजनिकच राहायला हवे.

हा मुद्दा इथे ठासून मांडायला हवा, कारण या देणग्यांना एक दुसरी बाजू आहे. एप्रिल २०१६ मध्ये आयआयटीच्या बी.टेक.ची वार्षिक फी ९० हजारांवरून २ लाख रुपये झाली. अनुसूचित जाती-जमातींच्या, दिव्यांग आणि अतिगरीब कुटुंबांतल्या विद्यार्थ्यांना ती पूर्ण माफ राहिली, १ ते ५ लाख उत्पन्नाच्या कुटुंबांना दोन तृतीयांश माफी मिळाली. तरी या मर्यादांच्या जरा वर असलेल्या मध्यमवर्गीय घरावर बोजा वाढला तो वाढलाच. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने उच्च शिक्षणासाठी ‘हेफा’ ही कर्ज देणारी संस्था काढली. ज्या इमारतींसाठी पूर्वी अनुदान यायचे, त्यांसाठी आता संस्थांनी कर्ज घ्यावे, अशी ती रचना आहे. सुरुवातीला असे कर्ज मंजूर झालेल्या सहा संस्थांत मुंबईची आयआयटी होती.

दुसरीकडे विद्यार्थी वाढत गेले, आणि ते योग्यच झाले. २००८ पासून इतर मागासवर्गीयांसाठी २७ टक्के आरक्षण आले आणि कुणाच्या जागा कमी होऊ नयेत म्हणून एकूण जागा वाढवल्या. २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा आल्या, २०१९ मध्ये आर्थिक दुर्बल घटकांसाठी. १०० मुलांपासून सुरू झालेल्या संस्थेत आज १० हजारांहून अधिक विद्यार्थी आहेत. जुनी वसतिगृहे अपुरी पडू लागली. एकाच्या खोलीत दोघे राहू लागले.

म्हणून वर्गांच्या देणग्यांतला मोठा वाटा वसतिगृहांच्या उभारणीकडे वळतो, ही फार चांगली गोष्ट आहे. प्रयोगशाळेला नाव देणे सोपे असते. तिथे मंत्री उद्घाटनाला येतात. न्हाणीघरे, गळकी छते, मेसची भांडी यांना कोणी नाव मागत नाही. मात्र बीड किंवा धडगावहून पहिल्यांदा मुंबईत आलेल्या मुलाचे पहिले वर्ष नीट जाते की नाही, हे खोलीवर आणि मेसवर जितके ठरते तितके प्रयोगशाळेवर ठरत नाही. माजी विद्यार्थ्यांना हे कुणी समजावून सांगावे लागत नाही, कारण ते स्वतः त्या खोल्यांत राहिलेले असतात. नीलेकणींच्या देणगीतूनही आधी वसतिगृहे झाली, हे इथे पुन्हा आठवावे.

प्रश्न असा आहे की देणग्या वाढतात म्हणून सरकारने हात आखडता घ्यावा काय? उत्तर स्पष्ट आहे. माजी विद्यार्थ्याचा पैसा हा वरकड आहे. पगार, मूलभूत संशोधन आणि गरिबाची फी ही लोकांच्या तिजोरीची जबाबदारी आहे. पवईला माजी विद्यार्थी भरभरून देतात, कारण तिचे विद्यार्थी भरभरून कमावतात. गडचिरोलीच्या किंवा नांदेडच्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांकडून तशी अपेक्षा करता येत नाही. देणगीवर विद्यापीठ चालवायचे ठरवले, तर श्रीमंत संस्था अधिक श्रीमंत होतील आणि बाकीच्या जागच्या जागी राहतील.

ऑगस्ट २०२३ मध्ये पवईला आणखी एक देणगी मिळाली. १६० कोटी रुपये, हरित ऊर्जा आणि शाश्वततेच्या संशोधन केंद्रासाठी. देणारा माजी विद्यार्थी होता आणि आपले नाव कुठेही येऊ नये एवढीच त्याची अट होती. तत्कालीन संचालक सुभासिस चौधुरी यांनी त्या वेळी देवळातल्या गुप्तदानाचा दाखला दिला होता. हुंडीत टाकलेल्या पैशावर नाव नसते. शिक्षणसंस्थेच्या बाबतीत मात्र असे सहसा घडत नाही. ज्या परिसरात प्रत्येक इमारतीला नाव आहे, तिथे हे बिननावाचे केंद्र उभे राहणार आहे.

पवईपासून काही किलोमीटरवर, माटुंग्याला, आणखी एक जुनी संस्था आहे. तिचा धागा तर थेट भिवंडीच्या धंद्याशी जुळतो. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला तो कापड आणि रसायन उद्योगांना शिकलेली माणसे हवी होती म्हणून. कापडाचे रसायनशास्त्र हा तिथला अगदी सुरुवातीचा अभ्यासक्रम. पुढे यूडीसीटी या नावाने गाजलेली ही संस्था २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली; आता तिला आयसीटी म्हणतात. माशेलहून मुंबईत आलेले रघुनाथ माशेलकर इथेच शिकले, प्रा. मनमोहन शर्मा यांच्या हाताखाली. याच शर्मा सरांच्या चरित्राच्या प्रकाशनाच्या वेळी, जून २०२५ मध्ये, त्यांचे आणखी एक विद्यार्थी मुकेश अंबानी यांनी आयसीटीला १५१ कोटी रुपये कोणतीही अट न घालता जाहीर केले आणि त्याला गुरुदक्षिणा म्हटले. पवईच्या देणग्या बॅचभोवती फिरतात. माटुंग्याची ही देणगी एका शिक्षकाभोवती फिरली. शर्मा २७ व्या वर्षी तिथे प्राध्यापक झाले आणि पुढे संचालक झाले. रॉयल सोसायटीवरही त्यांची निवड झाली. असा शिक्षक असला की माजी विद्यार्थ्यांना संस्थेची आठवण करून द्यायला वेगळे कार्यालय लागत नाही.

इतक्या मोठ्या आकड्यांनंतर भिवंडीकडे वळताना संकोचण्याचे कारण नाही. दहावीच्या जुन्या बॅचचे स्नेहमेळावे आता महाराष्ट्रात गावोगाव भरतात, ठाणे जिल्ह्यातही भरतात. व्हॉट्सॲपवर गट तयार होतो, दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत दिवस ठरतो, निवृत्त शिक्षकांना शाल-श्रीफळ दिले जाते, एका वर्गात सगळे बाकांवर बसून हजेरी होते. आणि जाताना शाळेला काहीतरी दिले जाते. पाण्याची टाकी, पंखे, बाक, प्रोजेक्टर, वाचनालयाला पुस्तके. पवईच्या लेगसी प्रोजेक्टमध्ये आणि या पंख्यांमध्ये रकमेचा फरक प्रचंड आहे, जातकुळी एकच आहे. दोन्हीकडे वर्ग एकत्र येऊन देतो.

नारपोली आणि आसपासच्या वस्त्यांत ही गोष्ट जास्त अवघड आहे, हे मान्य करायला हवे. यंत्रमागांच्या मागे इथे उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून कुटुंबे आली. त्यांची मुले मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू माध्यमांत शिकली. मागाचा धंदा बसला की कुटुंब दुसरीकडे जाते, आणि मुलगा सातवी झाला तिथेच त्याचा शाळेशी संबंध तुटतो. २५ वर्षांनी त्याला शोधणार कोण? पवईची समिती हरवलेल्या मित्राला इंटरनेटवर शोधते. इथे शोधायचे तर मोहल्ल्यात, साइझिंगच्या कारखान्यात, टपरीवर विचारत फिरावे लागेल.

महाविद्यालयांपुढे आता हा प्रश्न कागदावरही आला आहे. उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’च्या मूल्यांकनात एक निकष माजी विद्यार्थ्यांच्या सहभागासाठी आहे. नोंदणी झालेली माजी विद्यार्थी संघटना आहे का, तिने पैशाने किंवा अन्य मार्गाने संस्थेला काय दिले, हे तिथे विचारले जाते. पुष्कळ ठिकाणी त्यासाठी घाईने समिती नेमली जाते, फोटो काढले जातात आणि पुढच्या फेरीपर्यंत फाइल बंद होते. पवईने हे काम ३० वर्षे केले तेव्हा ५७ कोटींचा आकडा दिसला.

सुरुवात कुठून करायची, याचे उत्तर शाळेच्या कपाटातच आहे. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते. त्यात मुलाचे नाव, पालकाचे नाव, दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख लिहिलेली असते. ते रजिस्टर काढून एकाच वर्षाची यादी करावी, समजा २००० साली दहावी झालेल्यांची. त्यातल्या तीन-चार जणांना यादी वाटून द्यावी. पैशाचा विषय पहिल्या भेटीत काढू नये. संघटनेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करून घ्यावी, बँकेत दोन सह्यांचे खाते उघडावे, आणि काय आले, कशावर खर्च झाले याचा तक्ता दरवर्षी शाळेच्या फलकावर लावावा. कुणी पैसे देईल, कुणी दर शनिवारी दोन तास गणित शिकवेल, कुणी आपल्या कारखान्यात दहा मुलांना माग चालताना दाखवेल. या सगळ्याची नोंद त्याच तक्त्यात व्हावी, वर्षाच्या नावाखाली.